परदेशात कार्ड वारंवार नाकारले जाते : अडचण नेमकी कुठे आहे हे कसे शोधावे

मागच्या वर्षी दुबईत जे क्रेडिट कार्ड विनातक्रार चालले, तेच या वर्षी बँकॉकच्या हॉटेलात नाकारले जाते. दुकानात चालते, पण मेट्रोच्या फाटकावर टॅप केल्यावर लाल दिवा लागतो. वडिलांचे मूळ कार्ड चालते आणि त्याच खात्यावरचे आईचे पुरवणी कार्ड अडते. रावेर-सावद्याकडचे केळी निर्यातदार, जळगावच्या सराफ बाजारातील व्यापारी, धुळे-शिरपूरकडून जर्मनीला शिकायला गेलेली मुले आणि लेकीच्या बाळंतपणासाठी काही महिने अमेरिकेत राहणारे आई-वडील, या सर्वांकडून ही तक्रार येत राहते. फोनवर मात्र बहुधा ‘कार्ड चालत नई’ एवढेच सांगितले जाते, आणि तेवढ्यावरून उपाय सांगता येत नाही.

दुकानदाराच्या यंत्रावर कार्ड लावले की मागणी आधी त्या दुकानदाराच्या बँकेकडे जाते, तेथून व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांच्या जाळ्यातून भारतातील आपल्या बँकेच्या संगणकापर्यंत पोहोचते, आणि होकार किंवा नकार त्याच वाटेने काही सेकंदांत परत येतो. म्हणजे दुबईच्या दुकानात उमटलेला नकार बहुतेक वेळा दुबईतला नसतो. तो आपल्या बँकेने दिलेला असतो, आणि त्याचे कारण प्रवासाला निघण्यापूर्वीच तयार झालेले असते. म्हणून कार्ड पुन्हा पुन्हा लावून पाहण्याआधी मागणी या वाटेवर कुठे थांबली हे ओळखावे. चार-पाच वेळा सलग प्रयत्न केल्याने काम होत नाही. उलट बँकेच्या जोखीम तपासणाऱ्या यंत्रणेला तो गैरवापर वाटतो आणि तात्पुरता नकार कायमच्या ब्लॉकमध्ये बदलतो.

पहिली तपासणी : बँकेचा संदेश आला का?

नकार मिळाल्याबरोबर मोबाइलवरील एसएमएस, ई-मेल आणि बँकेच्या ॲपमधील सूचना पाहाव्यात. नाकारलेल्या व्यवहाराची सूचना बहुतेक बँका पाठवतात आणि तीत कारणही असते : आंतरराष्ट्रीय वापर बंद आहे, मर्यादा ओलांडली आहे, पिन चुकला आहे. अशी सूचना आली असेल तर मागणी भारतापर्यंत पोहोचली होती आणि बँकेने ती अडवली, हे निश्चित झाले. आता दुकानदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही. सूचना कुठेच आली नसेल, तर मागणी बहुधा बँकेपर्यंत गेलीच नाही आणि अडचण यंत्रात, जोडणीत किंवा त्या दुकानात आपले कार्ड स्वीकारण्याची सोयच नसण्यात आहे. रोमिंगमध्ये एसएमएस उशिरा येऊ शकतो, त्यामुळे वाय-फायवर ॲप आणि ई-मेल पाहिल्याशिवाय हा दुसरा निष्कर्ष काढू नये.

यंत्रातून निघणारी नकाराची पावती आपण टाकून देतो, पण तिच्यावर बरेच काही लिहिलेले असते. अशा पावतीवर व्यवहार नाकारल्याची ओळ असते आणि तिच्याजवळ बारीक अक्षरांत पुष्कळदा दोन आकडे छापलेले असतात. हे आकडे जगभर जवळपास सारखेच वापरले जातात. ५१ म्हणजे पुरेशी रक्कम किंवा लिमिट शिल्लक नाही. ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपली. ५५ म्हणजे पिन चुकला. ५७ म्हणजे या कार्डाला या प्रकारच्या व्यवहाराची परवानगी नाही. ६१ म्हणजे ठरवलेल्या रकमेची मर्यादा ओलांडली. ७५ म्हणजे चुकीचा पिन परवानगीपेक्षा जास्त वेळा टाकला गेला. ९१ म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेची यंत्रणा त्या क्षणी उत्तर देत नाही. सर्वांत जास्त त्रास देणारा आकडा ०५ हा आहे, कारण त्याचा अर्थ ‘बँकेने नकार दिला’ एवढाच होतो आणि कारण बँकेलाच विचारावे लागते. पावतीवर आकडा नसेल तर काउंटरवरील माणसाला यंत्राच्या पडद्यावर काय लिहून आले ते विचारावे. घरी किंवा बँकेत फोन करताना हा आकडा सांगितला, तर अर्ध्या तासाचे बोलणे पाच मिनिटांवर येते.

सर्वाधिक वेळा सापडणारे कारण

रिझर्व्ह बँकेने १५ जानेवारी २०२० रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार नवे कार्ड देताना, तसेच जुन्याच्या जागी कार्ड बदलून देताना, ते फक्त भारतातील एटीएम आणि स्वाइप यंत्रांवर, तेही यंत्रात घालून वापरण्यापुरते चालू ठेवले जाते. परदेशातील वापर, ऑनलाइन वापर आणि टॅप करून पैसे देणे या सोयी कार्डधारकाने स्वतः चालू करायच्या असतात. पूर्वीच्या ज्या कार्डांवर या सोयी कधीच वापरल्या गेल्या नव्हत्या, त्यांच्यावरही त्या बंद करण्याचा आदेश त्याच परिपत्रकात होता. हरवलेल्या किंवा चोरलेल्या कार्डातून परदेशात पैसे काढले जाऊ नयेत, हा त्यामागचा हेतू आहे आणि तो योग्यच आहे. परंतु या नियमाची माहिती शाखेतून कार्ड घेणाऱ्याला क्वचितच नीट सांगितली जाते, आणि ती सांगितली जायला हवी.

‘मागच्या वर्षी चालले होते, मग आता काय झाले?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा याच नियमात सापडते. मधल्या काळात कार्डाची मुदत संपून नवे कार्ड घरी आले असेल, तर त्यावर नाव तेच आणि लिमिट तेच असले तरी परदेशातील वापर पुन्हा बंद झालेला असतो. कार्ड हरवून बदलून घेतले किंवा बँकेने स्वतःहून ‘अपग्रेड’ करून पाठवले, तरी हेच घडते. काही बँकांच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर ठरावीक तारखेपर्यंतच चालू करता येतो. ती तारीख उलटली की सोय आपोआप बंद होते आणि पुढच्या प्रवासापर्यंत कोणाच्या ध्यानात राहत नाही.

चालू-बंद करण्याचे बटण एकच नसते, हेही लक्षात घ्यावे. परदेशातील वापर चालू केला तरी त्याखाली दुकानातील यंत्र, ऑनलाइन, टॅप आणि एटीएम यांची वेगवेगळी बटणे असतात आणि प्रत्येकासमोर रकमेची स्वतंत्र मर्यादा असते. पाटाचा मुख्य दरवाजा उघडला तरी चारीचे दार बंद असेल तर शेतात पाणी येत नाही, तसे हे आहे. कार्डाचे एकूण लिमिट तीन लाख रुपये असले तरी आंतरराष्ट्रीय दुकानी व्यवहाराची मर्यादा दहा हजारांवर किंवा शून्यावर राहिलेली असू शकते. अशा वेळी चहा-कॉफीचे बिल सहज जाते आणि हॉटेलचे बिल अडते, मग माणूस हॉटेललाच दोष देतो. दुकानात चालणारे कार्ड मेट्रोच्या फाटकावर चालत नसेल, तर आंतरराष्ट्रीय टॅपचे बटण प्रथम तपासावे.

पुरवणी कार्डाचे प्रकरण वेगळे आहे. पती-पत्नींच्या किंवा मुलांच्या नावाने घेतलेल्या पुरवणी कार्डांचे लिमिट मूळ कार्डात सामाईक असते, परंतु त्यांची बटणे पुष्कळ बँकांत कार्डागणिक स्वतंत्र असतात आणि ती अनेकदा मूळ कार्डधारकाच्या ॲपमधूनच बदलता येतात. दोघांपैकी मूळ कार्डधारक जळगावात आणि पुरवणी कार्डधारक सिंगापुरात असेल, तर हे काम जळगावात बसलेल्या माणसाने करायचे आहे, आणि ते दोन मिनिटांत होते.

ही सर्व तपासणी मुंबईच्या विमानतळावर नव्हे, घरी बसून करावी. आपल्याकडून मुंबईला पोहोचेपर्यंत रात्रभराची गाडी, विमानतळावरील रांगा आणि सामान यांत डोके शांत राहत नाही. निघण्याच्या आठवडाभर आधी ॲप उघडावे, चारही बटणे आणि चारही मर्यादा पाहाव्यात, त्या पडद्याचे चित्र काढून ठेवावे, आणि शहरातल्याच एखाद्या एटीएमवर पिन चालतो का हे शिल्लक पाहून तपासावे. क्रेडिट कार्डाचा पिन पुष्कळांनी कधी वापरलेलाच नसतो. परदेशातील माणूस नसलेल्या तिकीट यंत्रांवर मात्र पुष्कळदा पिनशिवाय काम होत नाही.

सिमकार्ड काढले की ॲपही हातातून जाते

वरील सर्व बटणे ॲपमध्ये आहेत, म्हणून परदेशात गेल्यावरही ती चालू करता येतील, असा विश्वास वाटतो. तो बरोबर आहे, पण एका अटीवर. भारतीय बँकांची बहुतेक ॲप्स नोंदणीकृत क्रमांकाच्या सिमकार्डाशी बांधलेली असतात. विमानतळावर उतरल्यावर तिथले स्वस्त पर्यटक सिम घेण्यासाठी भारतीय सिम काढून पाकिटात ठेवले, की पुष्कळ ॲप्स ते ओळखतात आणि पुन्हा नोंदणी मागतात. ही नोंदणी करण्यासाठी त्याच भारतीय सिमवरून एक एसएमएस बाहेर पाठवावा लागतो, आणि रोमिंग चालू नसेल तर तो जात नाही. अशा रीतीने कार्ड बंद, ते चालू करणारे ॲप बंद आणि ओटीपीही बंद, अशी तिहेरी अडचण एकाच हालचालीने उभी राहते. मी पाहिलेल्या तक्रारींमध्ये सर्वांत जास्त हताश झालेली माणसे याच अवस्थेत सापडतात.

उपाय साधा आहे. भारतीय सिम फोनमधून काढू नये. फोनमध्ये दुसरी जागा असेल तर परदेशी सिम तिथे घालावे किंवा ई-सिम घ्यावे. निघण्यापूर्वी मोबाइल कंपनीकडे आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्यावे, मग मोठा डेटा पॅक घेतला नाही तरी चालेल. भारतीय सिमवरील डेटा बंद ठेवून इंटरनेटसाठी वाय-फाय किंवा परदेशी सिम वापरता येते, आणि एसएमएस भारतीय सिमवर येत राहतात. प्रीपेड क्रमांक असेल तर त्याची वैधता प्रवास संपेपर्यंत पुरते का, हेही पाहावे.

दुसरी गुंतागुंत घरोघरी आहे. आई-वडिलांच्या कार्डाला मुलाचा क्रमांक जोडलेला असतो, कारण खाते उघडताना तेच सोयीचे वाटले. आई-वडील न्यू यॉर्कजवळ मुलीकडे असतात, मुलगा पुण्यात नोकरीला असतो, तिथे संध्याकाळी सात वाजता ऑनलाइन औषधे मागवताना ओटीपी पुण्यात पहाटे साडेचारला येतो (हिवाळ्यात साडेपाचला), आणि तो वाचून सांगेपर्यंत त्याची मुदत संपते. क्रमांक बदलण्याचे काम निघण्याच्या किमान पंधरा दिवस आधी शाखेत जाऊन करावे. ते शक्य नसेल तर ओटीपी ई-मेलवरही मिळण्याची सोय बँकेत आहे का ते विचारावे आणि तो ई-मेल आई-वडिलांच्या फोनवर उघडतो याची खात्री करावी.

ओटीपी मागितला गेला नाही म्हणून घाबरणारेही आहेत. भारतातील ऑनलाइन व्यवहारांना दुसरी पडताळणी सक्तीची आहे, म्हणून आपल्याला तिची सवय आहे. अनेक परदेशी संकेतस्थळे मात्र कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावरच पैसे घेत आली आहेत. म्हणून परदेशी ऑनलाइन वापराचे बटण कामापुरते चालू करावे आणि हॉटेल-तिकिटांचे काम झाले की बंद करावे. दुकानातील वापराचे बटण मात्र प्रवास संपेपर्यंत चालू राहू द्यावे.

पिन, ०५ आणि बँकेचा फोन

पिन तीन वेळा चुकला की बहुतेक बँका पिनचा वापर त्या दिवसापुरता तरी थांबवतात. दोनदा चुकल्यावर थांबावे, ॲपमध्ये नवा पिन तयार करावा, आणि मगच पुढे जावे.

सर्व बटणे चालू, लिमिट शिल्लक, पिन बरोबर, तरीही ०५ येत असेल, तर बँकेच्या यंत्रणेला व्यवहार संशयास्पद वाटला, असे धरून चालावे. ज्या कार्डावर वर्षभर जळगाव आणि भुसावळचेच व्यवहार झाले, त्यावर अचानक रात्री अडीचला इस्तंबूलमधील दागिन्यांच्या दुकानाची मोठी रक्कम आली, तर ती अडवणे हे त्या यंत्रणेचे कामच आहे. अशा वेळी ‘हा व्यवहार तुम्हीच करत आहात का’ असा संदेश किंवा फोन येतो. तो उचलला गेला नाही तर कार्ड ब्लॉक राहते. ॲपमध्ये किंवा फोनवर प्रवासाची आगाऊ सूचना देण्याची सोय बँकेकडे असेल तर ती द्यावी.

बँकेला फोन करायचा असेल तर १८०० ने सुरू होणारा क्रमांक परदेशातून बहुधा लागत नाही. कार्डाच्या मागे किंवा बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावर परदेशातून लावण्याचा, +९१ ने सुरू होणारा वेगळा क्रमांक असतो. तो घरूनच वहीत उतरवून घ्यावा आणि एक प्रत घरच्यांकडे ठेवावी. गडबडीत इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ शोधून मिळालेला क्रमांक कधीही लावू नये, कारण तिथे ठगांनी पेरलेले क्रमांक असतात आणि परदेशात अडकलेला घाबरा माणूस त्यांना हवाच असतो. खरी बँक पिन किंवा ओटीपी विचारत नाही.

आकडा ९१ असेल तर आपल्या हातात काही नसते; अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा प्रयत्न करावा किंवा दुसऱ्या बँकेचे कार्ड वापरावे. यासाठीच जवळ दोन कार्डे असावीत, ती दोन वेगळ्या बँकांची आणि दोन वेगळ्या जाळ्यांची असावीत, आणि एकाच पाकिटात नसावीत. एकाच बँकेची दोन कार्डे घेऊन निघणे म्हणजे सोबत एकच कार्ड असण्यासारखे आहे.

जिथे मागणी बँकेपर्यंत पोहोचतच नाही

रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते म्हणून अलीकडे अनेकांकडे तेच एक कार्ड असते. परदेशात रुपेचे आंतरराष्ट्रीय कार्ड मुख्यतः डिस्कव्हर, डायनर्स क्लब आणि जेसीबी या परदेशी कार्ड कंपन्यांच्या जाळ्यांवर चालते. ज्या दुकानाच्या काचेवर फक्त व्हिसा आणि मास्टरकार्ड यांची चिन्हे आहेत, तिथे ते चालण्याची अपेक्षा ठेवू नये. आणि केवळ देशांतर्गत वापरासाठी दिलेले रुपे कार्ड असेल तर परदेशातील वापराचे बटणच ॲपमध्ये दिसत नाही. यूपीआय संयुक्त अरब अमिराती, सिंगापूर, श्रीलंका, मॉरिशस, नेपाळ, भूतान आणि फ्रान्स येथे काही ठिकाणी स्वीकारले जाते. फ्रान्समध्ये त्याची सुरुवात फेब्रुवारी २०२४ मध्ये आयफेल टॉवरच्या तिकिटांपासून झाली. परंतु ‘काही ठिकाणी’ हे शब्द विसरून त्याच्या भरवशावर प्रवास आखू नये.

जर्मनीत अनेक छोट्या दुकानांत आणि खानावळींत फक्त तिथले देशी कार्ड किंवा रोख रक्कम घेतात. ‘ईसी कार्टे’ (EC-Karte, म्हणजे तिथले देशी कार्ड) असे काउंटरवर लिहिलेले दिसले तर आपले क्रेडिट कार्ड तिथे चालणार नाही असे समजावे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्या भागातून तिकडे शिकायला गेलेल्या मुलांचे पहिले काही आठवडे याच गोंधळात जातात आणि पालक इथे बँकेशी भांडत बसतात. अमेरिकेत पेट्रोल पंपावरील यंत्र पाच आकडी झिप कोड मागते, आणि आपला पिनकोड सहा आकडी असल्याने तो तिथे बसत नाही. तिथे यंत्राशी झटापट करण्यात वेळ घालवू नये. आत काउंटरवर जाऊन पंपाचा क्रमांक सांगावा आणि ठरावीक रकमेचे पैसे आधी द्यावेत.

इराणला जाणाऱ्या केळी व्यापाऱ्यांनी एक गोष्ट निघण्यापूर्वीच पक्की समजून घ्यावी. तिथे व्हिसा आणि मास्टरकार्ड चालतच नाहीत, आणि बँकेत कितीही बटणे चालू केली तरी त्यात फरक पडत नाही. रशियात या दोन्ही कंपन्यांनी मार्च २०२२ पासून सेवा थांबवली, त्यामुळे भारतातून नेलेली त्यांची कार्डे तिथे निरुपयोगी आहेत. वैद्यकीय शिक्षणासाठी मुले पाठवणाऱ्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे. एरवी बहुतेक देशांच्या एका प्रवासासाठी परकीय चलनी नोटा ३,००० डॉलरइतक्याच घेता येतात, पण इराण, रशिया आणि सोव्हिएत संघातून निघालेल्या राष्ट्रकुल देशांना जाणाऱ्यांना आपल्या हक्काचे सगळे परकीय चलन नोटांच्या रूपात घेण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिलेली आहे. अधिकृत विक्रेत्याकडून घेऊन पावती सोबत ठेवावी.

लिमिट असूनही ५१ का येतो

हॉटेलात प्रवेश करताना काउंटरवर कार्ड घेतात आणि भाड्याव्यतिरिक्त काही रक्कम अनामत म्हणून अडकवून ठेवतात. गाडी भाड्याने देणारे तर याहून मोठी रक्कम अडकवतात, आणि कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचे असावे अशी त्यांची अट असते. ही रक्कम खर्च म्हणून मासिक विवरणात दिसत नाही, पण लिमिटमधून वजा होते. तीन शहरांत तीन हॉटेले झाली की एक लाखाचे लिमिट कागदावर शिल्लक आणि प्रत्यक्षात संपलेले, अशी स्थिती येते. विवरण पाहून ‘खर्च तर चाळीस हजारच झाला’ म्हणणारा माणूस खोटे बोलत नाही. तो चुकीच्या ठिकाणी पाहत असतो. ॲपमध्ये ‘उपलब्ध लिमिट’ हा आकडा पाहावा.

हॉटेल सोडताना अंतिम बिल त्याच अनामतीतून वळते करून घेण्यास सांगावे. त्यांनी बिल वेगळ्या व्यवहारात घेतले, तर अनामत रद्द केल्याची पावती मागावी आणि तिच्यावरील मंजुरी क्रमांक दिसतो आहे याची खात्री करावी. रक्कम मोकळी व्हायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात. पण तो क्रमांक हातात असेल तर बँकेला ती लवकर सोडण्याची विनंती करता येते. अनामतीसाठी डेबिट कार्ड किंवा फॉरेक्स कार्ड (आधी पैसे भरून घेतलेले परकीय चलनाचे कार्ड) कधीही देऊ नये, कारण तिथे लिमिट नव्हे, आपले प्रत्यक्ष पैसे अडकतात. अमेरिकेतील उपाहारगृहांत आधी बिलाची रक्कम मंजूर होते आणि टिपची रक्कम नंतर मिळवली जाते, त्यामुळे संदेशातील आणि विवरणातील आकडा वेगळा दिसला तर आधी टिप मिळवून पाहावी.

रुपयांत द्यावे की तिथल्या चलनात

ही अडचण नकाराची नाही, पण तक्रार तितकीच वारंवार येते : ‘पैसे जास्त कापले.’ दुबईतील यंत्राच्या पडद्यावर दोन रकमा दिसतात, एक दिरहममध्ये आणि एक रुपयांत. रुपये ओळखीचे वाटतात म्हणून बोट तिकडे जाते, किंवा दुकानदारच न विचारता ते बटण दाबतो. तिथे रुपयांचा दर आपली बँक ठरवत नाही. तो त्या दुकानदाराच्या बाजूने ठरवलेला असतो आणि त्यात त्यांचा नफा मिसळलेला असतो.

समजा बिल १,००० दिरहमचे आहे आणि व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या जाळ्याचा दर दिरहममागे २३ रुपये आहे. दिरहममध्ये दिले तर २३,००० रुपये, त्यावर ३.५ टक्के मार्कअप (परकीय चलनातील व्यवहारावर आपली बँक घेते ते शुल्क) म्हणजे ८०५ रुपये आणि मार्कअपवर १८ टक्के जीएसटी म्हणजे सुमारे १४५ रुपये, असे मिळून २३,९५० रुपये होतात. रुपयांत दिले आणि यंत्राने २४.४० चा दर लावला, तर रक्कम २४,४०० होते. शिवाय परदेशात रुपयांत केलेल्या व्यवहारावरही काही बँका एक टक्का शुल्क आणि त्यावर जीएसटी लावतात, म्हणजे आणखी २८८ रुपये. एकूण २४,६८८. एका बिलात सातशेहून अधिक रुपये गेले, आणि पावतीवर सही आपलीच आहे. म्हणून सही करण्यापूर्वी पावतीवरील चलन वाचावे, रुपये दिसले तर व्यवहार रद्द करून तिथल्या चलनात पुन्हा करण्यास सांगावे. असे सांगण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही, तो ग्राहकाचा हक्क आहे.

मार्कअप प्रत्येक कार्डाचा वेगळा असतो, दोन टक्क्यांचाही असतो आणि काही कार्डांवर मुळीच नसतो. क्रेडिट कार्डावर एटीएममधून रोख मात्र अगदी नाइलाज झाल्याशिवाय काढू नये : बँकेचे शुल्क बहुधा अडीच टक्के आणि किमान ५०० रुपये, त्यावर मार्कअप, तिथल्या एटीएमचे वेगळे शुल्क (थायलंडमध्ये दर वेळी २०० बाटहून अधिक), आणि काढल्या दिवसापासून व्याज. दुकानी खरेदीवर मिळणारी बिनव्याजी मुदत या रकमेला मिळत नाही.

परत आल्यावर

आपण न केलेला व्यवहार दिसला तर क्षणाचाही विलंब न लावता ॲपमधून कार्ड ब्लॉक करावे आणि बँकेला लेखी कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून यंत्रणेत अन्यत्र घडलेली असेल आणि ग्राहकाने बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर काहीही भार पडत नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ठरावीक मर्यादेपर्यंतच भार पडतो. फोनवर सांगून थांबू नये, तक्रारीचा क्रमांक घ्यावा. फसवणूक असेल तर घरच्या माणसाने भारतातून १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावरही नोंद करावी.

रद्द केलेल्या खरेदीचा परतावा थोडा कमी आला तर तो बहुधा दरातील फरक असतो. परतावा ज्या दिवशी येतो त्या दिवसाचा दर लागतो, आणि मूळ व्यवहारावर घेतलेला मार्कअप बँका सहसा परत देत नाहीत. परंतु हॉटेलची अनामत महिना उलटूनही मोकळी झाली नसेल, दोनदा पैसे कापले गेले असतील किंवा नाकारलेल्या व्यवहाराचीही रक्कम विवरणात आली असेल, तर बँकेला पावत्यांच्या प्रती जोडून ई-मेल करावा. शाखेत जाऊन तोंडी सांगितल्याची नोंद राहत नाही, आणि क्रेडिट कार्डाचे काम बहुतेक बँकांत शाखेच्या हातातही नसते, त्यामुळे चोपड्याहून किंवा नंदुरबारहून हेलपाटे घालण्याचा उपयोग होत नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनाशुल्क करता येते आणि त्यासाठी वकील लागत नाही. तक्रारीसोबत बँकेला पाठवलेला मूळ ई-मेल, बँकेचा तक्रार क्रमांक, नकाराची किंवा रद्द केल्याची पावती आणि तो व्यवहार दिसत असलेले विवरणाचे पान, एवढे जोडावे.